सोयीची नोकरी

मुलगी बघायला आलेल्या मंडळींत मुलाचे एक मामा होते. पोहे संपवून बशी खाली ठेवता ठेवता ते म्हणाले, "पोरगी शिक्षिका हाय, बरं झालं. बाईमाणसाला सोयीची नोकरी." खोलीतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मुलीच्या वडिलांनीही डोलावली. कराड तालुक्यातल्या एका गावातली, २००८ सालची ही गोष्ट. मुलगाही प्राथमिक शिक्षकच होता. जिल्हा परिषद तीच, डी. एड.ची पदविका तीच. त्याच्या नोकरीला मात्र कुणी सोयीची म्हणालं नाही. ती 'कायमची नोकरी' होती.

त्या दिवशी पोह्यांचा ट्रे धरून उभी असलेली मुलगी आज ४१ वर्षांची आहे. पाटण तालुक्यातल्या एका वाडीवर पहिली ते चौथीची द्विशिक्षकी शाळा आहे. तिथे त्या पहिली-दुसरीला शिकवतात आणि मुख्याध्यापकपदाचा कार्यभारही सांभाळतात. घरी दहावीतली मुलगी, दुसरीतला मुलगा, शिक्षक नवरा आणि गुडघ्यांनी बेजार झालेल्या सासूबाई. आपलं नाव छापायचं नाही, वाडीचंही नाही, अशी त्यांची अट होती. "लेख आला की वरून फोन येतो. खुलासा कोण लिहीत बसणार?" म्हणून या लेखात त्या फक्त बाई. वाडीही त्यांना बाईच म्हणते.

यंदा जुलैत चार दिवस आणि सप्टेंबरात दोन दिवस मी बाईंच्या मागे मागे होते. मामांच्या वाक्यातली ती सोय नेमकी कुणाची, एवढंच बघायचं होतं.

*

पाच-दहाला गॅस पेटतो. नळाचं पाणी दिवसाआड, तेही पहाटेच. त्यामुळे पाण्याच्या दिवशी गजर पावणेपाचचा. कणीक रात्रीच मळून ठेवलेली असते. चपात्या बावीस. "मोजायची सवय लागलीय, पट मोजल्यासारखी," बाई म्हणाल्या. सासूबाईंना चपाती चावत नाही, म्हणून त्यांच्यासाठी ज्वारीच्या दोन भाकरी. भाजी एकच, पण तिची रूपं तीन. धाकट्यासाठी तिखट घालायच्या आधी बाजूला काढलेली, मुलीच्या डब्यासाठी कोरडी, आणि सरांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, डब्यासाठी शेंगदाण्याचं कूट लावून रस्सा केलेली. मधल्या वेळात मुलीला तीन हाका, सासूबाईंची रक्तदाबाची गोळी, मुलाच्या दप्तरातली सांडलेली पाण्याची बाटली.

सर मुलीला साडेसहाच्या क्लासला सोडून येतात आणि येताना दूध आणतात. हे काम ते न चुकता करतात. त्याची दखल गल्लीनेही घेतली आहे: "सर किती मदत करतात!" बावीस चपात्यांना कुणी मदत म्हणत नाही. चपात्या म्हणजे घर चालणं.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात आणि पुरुष ९७, असं तिच्यात दिसलं. २०२४ मध्ये पुन्हा पाहणी झाली. घरातल्या मुलाबाळांची, म्हाताऱ्यांची देखभाल करणाऱ्या १५ ते ५९ वयाच्या बायकांची त्यातली मिनिटं १४० निघाली, पुरुषांची ७४. हे आकडे मी ओट्याजवळ उभी राहून वाचून दाखवले. बाई डब्याचं झाकण दाबत होत्या. "सत्त्याण्णव म्हणजे बरेच की," म्हणाल्या. बूट घालणारे सर दारातून हसले, पण उत्तर त्यांनी दिलं नाही.

आठ-चाळीसला बाईंनी स्कूटरला किल्ली लावली, तेव्हा पाच-दहापासूनची २१० मिनिटं खर्ची पडली होती. शाळेची घंटा व्हायला अजून एक तास वीस मिनिटं होती.

*

घर ते शाळा २४ किलोमीटर. त्यातले १७ कराड-चिपळूण रस्त्याने, उरलेले सात चढाचे. मागे धाकटा. तो आईच्याच शाळेत, आईच्याच वर्गात आहे. पावसाळ्यात बाई पंजाबी ड्रेस घालतात आणि कोरड्या कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून डिकीत टाकतात. जुलैत हा जोड लागला नाही असा दिवस क्वचितच. आकाश मोकळं असेल तेव्हा पठारावरच्या पवनचक्क्या दिसतात. मी गेले त्या चारही दिवशी दहा हातांवरचं काही दिसत नव्हतं.

चढ सुरू होण्याआधी ओढ्यावर एक छोटा पूल लागतो. पूल आला की पोरगं मागून ओरडतं, "पूल आला! आता बाई." हा मायलेकरांतला करार आहे. पुलाच्या अलीकडे आई, पलीकडे बाई. पहिलीत असताना त्याने एकदा भर वर्गात "आई, माझी पेन्सिल" म्हटलं होतं. पोरं दोन दिवस त्याला चिडवत होती. करार तेव्हापासूनचा आणि तो त्यानेच सुचवलेला.

दहाला परिपाठ. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, सुविचार, दिनविशेष. पट २१, त्या दिवशी हजर १३. भातलावण जोरात होती. थोरली पोरं शेताच्या बांधावर धाकट्यांना सांभाळत बसली होती. वाडीतल्या बहुतेक घरांतला कर्ता पुरुष मुंबईत, कुणी माथाडी, कुणी हॉटेलात. चिखलात उतरायला बायकाच उरतात. बाईंनी हजेरी घेतली आणि सोबतच्या गुरुजींना दहा मिनिटं दोन्ही वर्ग बघायला सांगून त्या खाचराच्या बांधापर्यंत जाऊन आल्या. येताना दोन पोरं घेऊन आल्या. हजर १५.

एकवीस मुलांना दोन शिक्षक म्हणजे चैनच, असं शहरातल्या वाचकाला वाटेल. कायद्यानेही हिशेब पूर्ण आहे. शिक्षण हक्क कायदा ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक देतो. पण मुलं एकवीस असली तरी वर्ग चार आहेत, म्हणजे बाईंच्या वाट्याला एका खोलीत दोन इयत्ता. पहिलीला अक्षर-ओळख द्यायची, त्याच वेळी दुसरीला हातच्याची बेरीज.

त्या दिवशीची बेरीज होती २७ अधिक १५. बाईंनी झाडूच्या काड्या सारख्या तुकड्यांत कापून आणल्या होत्या. दहा काड्यांना एक रबरबँड, म्हणजे एक दशक. दुसरीच्या पाच जणांनी सात सुट्या आणि पाच सुट्या काड्या एकत्र केल्या. बारा झाल्या. आता? एका मुलीने बाराच्या बारा काड्यांना रबर लावलं. बाई काही बोलल्या नाहीत. शेजारच्या मुलाने तिचा गठ्ठा सोडला, मोजला, दोन काड्या बाहेर काढल्या. "दहाचाच बांधायचा असतो." "मग ह्या दोन?" "त्या सुट्याच राहत्यात." नवा गठ्ठा आधीच्या तीन गठ्ठ्यांच्या ओळीत जाऊन बसला. चार दशक, दोन सुटे. बाईंनी तेव्हा फळ्यावर एकच शब्द लिहिला: हातचा. हा शब्द मी चाळीस वर्षं वापरत आले आहे. तो असा हातात धरता येतो हे त्या दिवशी दिसलं.

बेरीज चालू असताना बाईंची पाठ पहिलीकडे नव्हती. काड्यांवर नजर ठेवूनच त्या डाव्या हाताने पहिलीतल्या एकाच्या पाटीवरचा उलटा 'ग' पुसत होत्या. तेवढ्यात कोपऱ्यातून पहिलीतली मुलगी पाटी उंच करून ओरडली, "आई, झालं!" कुणी हसलं नाही. पहिलीत असं जवळजवळ रोज कुणीतरी म्हणतंच. फक्त दुसरीच्या ओळीत काड्या मोजणाऱ्या एकाने मान वर करून तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा खाली घातली.

*

साडेबाराच्या सुमाराला आतून हाक आली, "बाई, मीठ बघा." पोषण आहाराची खिचडी मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चाखून तशी नोंद करायची असते. चवीचं रजिस्टर वेगळं, धान्यसाठ्याचं वेगळं. प्राथमिकच्या मुलामागे तांदूळ रोज १०० ग्रॅम. हजर १५, म्हणजे दीड किलो. तांदळाचा, डाळीचा, तेलाचा हिशेब रोजच्या रोज जुळला पाहिजे.

खिचडी शिजवणाऱ्या बाई वाडीतल्याच. सकाळी सहाला त्या खाचरात होत्या, दहाला शाळेत आल्या, दोनला पुन्हा खाचरात जाणार होत्या. त्यांचं मानधन महिन्याला २,५०० रुपये. मी त्यांना विचारलं, बाईंची नोकरी कशी वाटते? भांडं घासता घासता त्या म्हणाल्या, "झ्याक हाय की. पगार बगा त्यांचा. पर येवडा कागुद माज्यानं न्हाई व्हायचा."

बाईंनी हे ऐकलं आणि मान्यही केलं. "माझा पगार बरा आहे. रडगाणं लिहू नका," असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. २००६ मध्ये त्या शिक्षणसेवक म्हणून लागल्या तेव्हा मानधन महिना ३,००० रुपये होतं, तेही तीन वर्षं. त्या आठवणीपुढे आजचा पगार मोठाच. त्यांची तक्रार पगाराची नाही, वेळेची आहे.

कागदाचं म्हणाल तर आता कागद कमी आणि फोन जास्त. खिचडी वाढून होईपर्यंत बाईंच्या मोबाईलवर तीन गटांतून मिळून ४१ निरोप आले होते. आधार जुळलेल्या मुलांची संख्या. गणवेशाची मापं. वृक्षारोपणाचे फोटो, अक्षांश-रेखांश दिसतील असे. यू-डायस या शाळांच्या सरकारी माहितीसंचातली एक दुरुस्ती. खाली ठरलेली ओळ: 'अर्जंट. ४ वाजेपर्यंत. निरंक असल्यास निरंक कळवावे.' निरंक म्हणजे कळवण्यासारखं काही नाही, आणि तेही कळवायचं. शाळेच्या खोलीत रेंज नाही. रेंज मिळते मारुतीच्या देवळाच्या पारावर. पोरं जेवत होती तेव्हा बाई छत्री घेऊन पारावर उभ्या राहून निरंक कळवत होत्या. स्वतःचा डबा त्यांनी अडीचला उभ्यानेच खाल्ला.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की दशवार्षिक जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका सोडून शिक्षकाला दुसरं अशैक्षणिक काम देता येणार नाही. पण वृक्षारोपणाचा फोटो कशात बसतो? तो 'उपक्रमा'त बसतो. अशैक्षणिक कामाला शैक्षणिक नाव दिलं की कलमाला धक्का लागत नाही. मतदार याद्यांचं काम तर निवडणुकीतच मोडतं. घरोघर जाऊन नावं तपासायची, आणि ती बहुधा शाळा सुटल्यावर.

त्याच कायद्याच्या परिशिष्टात शिक्षकाचे आठवड्याचे किमान तास ४५ धरले आहेत, आणि त्यात पाठाची तयारीही आली. सोमवार ते शुक्रवार सात-सात तास आणि शनिवारची सकाळची शाळा मिळून बाईंचे ३९ होतात. तयारीचे उरलेले सहा तास कुठे आहेत, हे मला रात्री दिसलं.

*

माझी आईही बाईच होती. सांगली जिल्ह्यातल्या एका गावात, ऐंशीच्या दशकात. आम्ही भावंडं तिच्याच शाळेत शिकलो. आमच्याकडे कुठला पूल नव्हता, त्यामुळे आम्ही तिला घरातही बाईच म्हणायचो, शेवटपर्यंत. धाकटा भाऊ तान्हा असताना तिने वर्गाच्या तुळईला झोळी बांधली होती. चौथीच्या मुली पाढे म्हणता म्हणता झोका द्यायच्या. साहेब तपासणीला आले की झोळी सोडून शेजारच्या घरात न्यायची, हेही त्या मुलींना ठाऊक होतं. वर्गात मूल असणं हा लपवायचा गुन्हा होता.

असं व्हायला नको होतं, कारण वाट त्याआधीच कुणीतरी पाडून ठेवली होती. १९४५ मध्ये ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांसाठी काम करताना त्यांना एक गोष्ट दिसली. पोरं शाळेत येत नाहीत, कारण त्यांच्या कडेवर धाकटं भावंड असतं. बाजूला पाळणाघर आणि बालवाडी नसेल तर थोरल्याची शाळा उभी राहत नाही. म्हणून त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणून विकासवाडी उभी केली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणावर शाळा नेली. ज्याच्या कडेवर मूल आहे त्याला आधी मोकळं करा, मग शिकवा, एवढा सरळ हिशेब होता. हा हिशेब त्यांनी विद्यार्थ्यांसाठी मांडला. शिक्षिकेच्या कडेवरही मूल असतं, हे मात्र आपल्या शाळांनी धरलंच नाही.

बाईंची मुलगी झाली २०१० मध्ये. तेव्हा सर माण तालुक्यात होते, शनिवारी रात्री यायचे आणि रविवारी संध्याकाळी निघायचे. प्रसूतीची रजा १८० दिवसांची. ती संपली तेव्हा मुलगी पुरी सहा महिन्यांचीही नव्हती. तिला सासूबाईंच्या ओटीत घालून बाई शाळेला निघाल्या. त्या दिवसांबद्दल बाईंनी एकच गोष्ट सांगितली. "पहिलीतलं एखादं पोर रडलं की मला पान्हा फुटायचा. अकराच्या सुमाराला हमखास. मग मी गडद रंगाचेच ब्लाउज शिवून घेतले. पदर दोन्ही खांद्यांवरून घ्यायचा आणि फळ्याकडे तोंड करून लिहीत राहायचं. पोरांना वाटायचं, बाई आज खूप लिहितात."

पती-पत्नी एकत्रीकरणाच्या तरतुदीमुळे सर जवळ आले, पण त्याला २०१८ उजाडलं. जिल्ह्यांतर्गत बदल्या ऑनलाइन झाल्या आणि दोघांच्या शाळांमधलं अंतर ३० किलोमीटरच्या आत आलं. दहा वर्षांच्या संसारातली आठ-नऊ वर्षं शनिवार-रविवारचीच झाली होती. सासूबाई म्हणाल्या, "माजा नातू झाला तवा बाप घरात हुता. नात झाली तवा नव्हता. म्हणून नात मला आई म्हणायची."

हे सांगताना सासूबाई वाटाणे सोलत होत्या. बाईंची नोकरी टिकली ती या बाईच्या जिवावर, हे दोघीही जाणून आहेत आणि दोघीही बोलून दाखवत नाहीत. आता गुडघे गेलेत. उन्हाळ्यात शस्त्रक्रिया करायची ठरली होती. यंदा मुलीची दहावी म्हणून ती पुढे ढकलली. सासूबाईंनीच ढकलली.

*

पाच वाजता शाळा सुटते. उतरणीवर धाकटा पेंगतो, म्हणून बाईंनी ओढणीने त्याला स्वतःच्या कमरेला बांधलेलं असतं. पुलाजवळ स्कूटर हळू होते. पोरगं झोपेतच पुटपुटतं, "पूल आला, आई." मग दिवसभराचं साठलेलं सगळं बाहेर येतं. अमक्याने पेन्सिल मोडली, तमक्याला दोनदा शाबासकी मिळाली आणि मला एकदाच. "तू मला कमी शाबासकी देतेस." बाई म्हणतात, हे खरं आहे. घरचा म्हणून त्याच्यावर वर्गात थोडा अन्यायच होतो. दुसऱ्या कुणाला तसं वाटू नये म्हणून.

घरी पोचायला सहा. चहा, पुन्हा ओटा. सासूबाईंनी भाजी निवडून ठेवलेली असते. आठला जेवणं. नऊला ओटा पुसला जातो आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर दुसरी शाळा भरते. जुलैत तिथे दोघी असायच्या. मुलीची दहावीची बीजगणिताची वही आणि बाईंचं टाचण. आठवड्याचे हरवलेले सहा तास इथे होते, साडेनऊ ते साडेदहा.

सप्टेंबरात गेले तेव्हा टेबलावर तिसरं पुस्तक आलं होतं. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही दोन वर्षांत टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण व्हावं लागेल. पाच वर्षांहून कमी उरलेल्यांना नोकरीपुरती सूट आहे, बढती हवी असेल तर त्यांनाही परीक्षा. बाई २००६ च्या. शिक्षण हक्क कायदा अमलात आला १ एप्रिल २०१० ला. त्या लागल्या तेव्हा ही परीक्षाच नव्हती. निवृत्तीला अजून १७ वर्षं आहेत, म्हणजे परीक्षा अटळ. सरांनाही.

दीडशे प्रश्न, दीडशे गुण, अडीच तास. खुल्या गटाला ९० गुणांशिवाय पास नाही. पहिले तीस प्रश्न बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राचे. मुलीने पुस्तक हातात घेऊन आईला प्रश्न विचारला: मूल चुकलं तर शिक्षकाने काय करावं? चार पर्याय वाचले. बाई विचारात पडल्या. "वर्गात मी काय करते ते सांगू, का पुस्तकात काय अपेक्षित आहे ते?" मुलगी म्हणाली, "आई, पुस्तकातलं. आम्हालापण तेच सांगतेस ना तू?" मला जुलैतली ती बारा काड्यांना रबर लावणारी मुलगी आठवली, आणि गप्प राहिलेल्या बाई.

परीक्षेला बाईंचा विरोध नाही. "पोरांच्या आम्ही घेतोच की. आपली घेतली तर कुरकुर कशाला? आईबापांनी पोर आपल्या हवाली केलेलं असतं, त्यांना खात्री हवी." मग थांबून म्हणाल्या, "फक्त अभ्यासाला जागा हवी." मी जागा म्हणजे वेळ समजले. त्यांना खरोखरीची जागा म्हणायची होती. सर रात्री नऊला आतल्या खोलीत जातात आणि दार लोटून घेतात. घरात आवाज झाला तर सासूबाई धाकट्याला गप्प करतात, "आप्पा अभ्यास करत्यात." बाईंचं पुस्तक स्वयंपाकघरात, कुकरच्या शिट्टीशेजारी उघडं असतं. पान उलटण्याआधी हात पुसावे लागतात. परीक्षा एकच, अभ्यासक्रम एकच, गुण तेवढेच. खोली मात्र एकालाच.

हे मी सरांना विचारलं. ते वाईट गृहस्थ नाहीत. थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खरंय. कधी डोक्यात आलं नाही." दुसऱ्या दिवशी रात्री ते पुस्तक घेऊन स्वयंपाकघरातच बसले. बाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुम्ही गेल्यावर बघू किती दिवस टिकतंय."

*

जाताना मी बाईंना रजेबद्दल विचारलं. राज्य शासनाने २०१८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपन रजा दिली, मूल १८ वर्षांचं होईपर्यंत, संपूर्ण सेवेत मिळून १८० दिवस. केंद्र सरकारच्या कर्मचारी बायकांना हीच रजा ७३० दिवस मिळते. बाईंनी सात वर्षांत आपल्या १८० पैकी २२ दिवस वापरले आहेत. मुलीला डेंग्यू झाला तेव्हा आणि धाकट्याचा हात मोडला तेव्हा.

"बाकीची का नाही घेत? यंदा दहावी आहे."

"घेते की. मग इथे चार वर्ग एकट्या गुरुजींनी बघायचे. बदली माणूस येत नाही. पहिलीची पोरं दिवाळीपर्यंत कुठे वाचायला लागतात, आणि मी महिनाभर घरी बसले तर ती पुन्हा गमभनवर जातात. माझी पोरगी दहावीची परीक्षा देईल हो. तिला आजी आहे, क्लास आहे. या सहा जणांना कोण आहे?"

त्या सहा जणांत पाटी उंच करून 'आई, झालं' म्हणणारी मुलगीही आहे. सप्टेंबरात ती जोडाक्षराशिवायचं वाक्य वाचू लागली होती.

तर सोय कुणाची, याचं उत्तर सहा दिवसांत मला मिळालं. सरकारची सोय होते, कारण कुठलीही माहिती चार वाजेपर्यंत मिळते. वाडीची होते, कारण पोर बांधावर असलं तरी बाई येऊन घेऊन जातात. घराची होते, कारण पगारही येतो आणि बावीस चपात्याही होतात. एवढ्या लोकांची सोय करणाऱ्या नोकरीला आपण बाईच्या सोयीची म्हणतो, ते ती पाच वाजता सुटते म्हणून. पाचला सुटते ती शाळा, बाई सुटत नाहीत.

दिवाळी झाली की तुळशीची लग्नं लागतील आणि पाठोपाठ मुली बघायचे कार्यक्रम सुरू होतील. वाचकहो, तुमच्यापैकी कुणी मामा, काका, आत्या म्हणून अशा घरी पोहे खायला जाणार असाल आणि मुलगी शिक्षिका निघाली, तर 'सोयीची नोकरी' एवढं म्हणू नका. विचारायचंच असेल तर शाळा किती शिक्षकी आहे ते विचारा, आणि घरापासून किती लांब ते. मग शेजारी बसलेल्या आपल्या मुलाकडे वळून, सगळ्यांदेखत, त्याला विचारा की बावीसपैकी किती चपात्या तू लाटणार.